संगणकातील आपली खोली

विद्यार्थी मित्रांनो, एका घराची कल्पना करा. घरात माणसे पाच, पण सामान ठेवायला पेटी एकच. त्या पेटीत अब्बांच्या दुकानाच्या वह्या आहेत. आपाची दहावीची पुस्तके आहेत. भाईजानचे क्रिकेटचे हातमोजे, अम्मीचे शिवणाचे सामान आणि धाकट्या भावाची खेळणीही त्यातच आहेत. रोज कोणी ना कोणी पेटी उघडतो, वरचे सामान खाली करतो, आपली वस्तू काढतो आणि झाकण लावतो. अशा पेटीत वस्तू हरवल्या नाहीत तरच नवल!

अनेक घरांतील संगणक या पेटीसारखाच असतो. संगणक एक आणि वापरणारे पाच. चालू केला की समोर एकच पडदा येतो. त्यावर सर्वांच्या फाइली पसरलेल्या असतात.

समजा, आपाने तीन आठवडे खपून विज्ञानाचा प्रकल्प तयार केला आणि घाईघाईत त्या फाइलला 'नवीन' असे नाव दिले. धाकट्या भावाला नवा खेळ घालण्यासाठी जागा हवी होती. 'नवीन' म्हणजे काहीतरी बिनकामाचे असेल असे समजून त्याने ती फाइल खोडली आणि कचरापेटीही रिकामी केली. दुसऱ्या दिवशी प्रकल्प शाळेत द्यायचा होता. आता सांगा, चूक कोणाची? भावाची म्हणावी, तर ती फाइल आपाची आहे हे त्याला कोणी सांगितले होते? आपाची म्हणावी, तर फाइल ठेवायला तिच्याजवळ दुसरी जागा कुठे होती?

खरी चूक वेगळीच आहे. संगणकात प्रत्येकाला स्वतंत्र खोली देण्याची सोय असते. ती सोय त्या घरात कोणी वापरलीच नव्हती. या खोलीला 'युजर प्रोफाइल' म्हणतात. युजर म्हणजे वापरणारा. ही खोली कशी मिळवायची आणि एका खोलीतील सामान दुसऱ्या खोलीत कसे न्यायचे, ते या पाठात पाहू.

प्रथम दोन शब्द नीट समजून घ्या. एक शब्द 'खाते' आणि दुसरा 'प्रोफाइल'. खाते म्हणजे संगणकाच्या दप्तरातील तुमची नोंद. तुमचे नाव काय, परवलीचा शब्द म्हणजे पासवर्ड कोणता आणि तुम्हाला काय काय करण्याची परवानगी आहे, हे त्या नोंदीत असते. प्रोफाइल म्हणजे त्या नोंदीवर तुम्हाला मिळालेली खोली आणि खोलीतील सामान. तुमची कागदपत्रे, चित्रे, उतरवून घेतलेल्या फाइली आणि डेस्कटॉपवरील सर्व वस्तू या खोलीत राहतात. पडद्यावर कोणते चित्र हवे, अक्षरे लहान हवीत की मोठी, हेही येथेच नोंदलेले असते.

आपल्यासारख्यांना याचा आणखी एक फायदा आहे. तुम्ही उर्दूतही लिहिता आणि मराठीतही लिहिता. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, तर मराठी डावीकडून उजवीकडे. तुम्ही आपल्या खात्यात उर्दू आणि मराठी असे दोन्ही कळफलक बसवून घेऊ शकता. अब्बांना फक्त इंग्रजी हवे असेल, तर त्यांच्या खात्यात तेवढेच राहील. तुम्ही उर्दू निबंध लिहून उठलात आणि अब्बा हिशेबाला बसले, तरी त्यांना कळफलक बदलत बसावे लागणार नाही.

एक यंत्र अनेकांनी वापरण्याची ही अडचण नवी नाही. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रणाली चालवून दाखवली. तिच्यामुळे एकच मोठा संगणक अनेक माणसे एकाच वेळी वापरू शकत. मग प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या ठेवणे भाग पडले. त्यासाठी तेथे पासवर्डचा उपयोग होऊ लागला. पुढे घरगुती संगणक आले. ते एकट्याने वापरायचे यंत्र म्हणून बनवले होते. त्यामुळे १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये वेगवेगळ्या खोल्या नव्हत्या. १९९५ च्या विंडोज ९५ मध्ये प्रोफाइलची सोय आली, पण दार फार कच्चे होते. पासवर्ड विचारणारी चौकट रद्द केली तरी माणूस संगणकात शिरू शकत असे! २००१ साली विंडोज एक्सपी आली. तिच्यापासून घराघरांतील संगणकांवर स्वतंत्र खाती रूढ झाली.

आता ही खोली संगणकात नेमकी कुठे असते ते पाहू. 'सी' ड्राइव्ह उघडा. त्यात 'युजर्स' नावाचे फोल्डर दिसेल. विंडोज एक्सपीमध्ये त्याच फोल्डरचे नाव 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' असे होते. विंडोज व्हिस्टापासून ते 'युजर्स' झाले आणि विंडोज ११ मध्येही तेच आहे. या फोल्डरच्या आत प्रत्येक खात्याचे एक फोल्डर असते. तीच त्याची खोली.

नवी खोली कशी तयार होते, हेही मजेदार आहे. 'युजर्स'मध्ये 'डिफॉल्ट' नावाचे एक लपलेले फोल्डर असते. ते कोणाचेच नसते. तो केवळ नमुना असतो. नवे खाते उघडले, तरी खोली लगेच तयार होत नाही. तो माणूस पहिल्यांदा आपल्या खात्यात शिरला, की संगणक त्या नमुन्याची नक्कल करतो आणि तिला त्याचे फोल्डर म्हणून देतो. पहिल्या वेळी पडदा थोडा वेळ थांबवून ठेवतो, त्याचे एक कारण हे आहे. लिनक्स या प्रणालीतही असाच नमुना असतो. तेथे त्या फोल्डरचे नाव सांगाडा या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून ठेवले आहे.

मुलांनो, 'नमुना' आणि 'नक्कल' हे शब्द तुम्हाला ओळखीचे वाटले असतील. उर्दूतील 'नमूना' आणि 'नक़्ल' तेच हे शब्द. मराठीने ते केव्हाच आपलेसे केले आहेत.

आता खाते उघडू या. विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज' उघडा. तेथून 'अकाउंट्स'मध्ये आणि मग 'अदर युजर्स'मध्ये जा. तेथे खाते जोडण्याचे बटण आहे. ते दाबले की संगणक ई-मेलचा पत्ता विचारतो. पत्ता नसेल तर घाबरू नका. 'या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही' अशा अर्थाची ओळ खाली असते, ती निवडा. पुढच्या चौकटीत मायक्रोसॉफ्टच्या खात्याशिवाय वापरकर्ता जोडण्याची ओळ येते, ती निवडा. मग नाव लिहा आणि पासवर्ड लिहा. पासवर्ड विसरल्यास उपयोगी पडावेत म्हणून तीन प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरे द्या. झाले खाते तयार!

खात्यांचे मुख्य प्रकार दोन आहेत. एक 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणजे प्रशासक आणि दुसरा 'स्टँडर्ड' म्हणजे साधा वापरकर्ता. प्रशासक हा घरातील वडीलधाऱ्या माणसासारखा असतो. तो नवी खाती उघडतो, जुनी बंद करतो आणि साऱ्या संगणकासाठी लागणारे कार्यक्रम घालतो. साधा वापरकर्ता आपल्या खोलीत हवे ते करू शकतो, पण दुसऱ्या साध्या वापरकर्त्याच्या खोलीत शिरू शकत नाही. घरात प्रशासकाचे खाते मोठ्या माणसाकडे असावे. मुलांनी साधे खाते वापरावे. यात कमीपणा काही नाही. हातून एखादी चूक झाली, तर ती बहुधा आपल्याच खोलीपुरती राहते.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रशासकाने ठरवले तर त्याला कोणतीही खोली उघडता येते. म्हणून पासवर्ड आहे म्हणजे कोणीच काही पाहू शकत नाही, असे समजू नका.

सर्वांनी मिळून वापरायच्या वस्तूंचे काय करायचे? ईदचे फोटो सर्वांनाच पाहायचे असतात. त्यासाठी 'युजर्स'मध्ये 'पब्लिक' नावाचे फोल्डर असते. ती घराची ओसरी समजा. सर्वांच्या वस्तू तेथे ठेवाव्यात, पण दहावीचा प्रकल्प ओसरीवर ठेवू नये.

आता एक महत्त्वाची गोष्ट सांगते. एकाच वर्गात एकाच नावाच्या दोन मुली असतात. हजेरी घेताना घोटाळा होऊ नये म्हणून शिक्षक हजेरी क्रमांक पुकारतात. संगणकही तसेच करतो. आपल्याला पडद्यावर नाव दिसते, पण संगणक प्रत्येक खात्याला एक लांबलचक ओळखक्रमांक देतो. विंडोजमध्ये आपण उघडलेल्या खात्याचा क्रमांक 'एस-१-५-२१' असा सुरू होतो. त्याच्या शेवटी १००० किंवा त्याहून मोठी संख्या असते. कोणती खोली कोणाची, कोणाला आत सोडायचे आणि कोणाला नाही, हे सारे या क्रमांकावरून ठरते.

यातून दोन गोष्टी निघतात. खात्याचे नाव बदलले, तरी आतल्या फोल्डरचे नाव जुनेच राहते, कारण क्रमांक तोच असतो. उलट, एखादे खाते काढून टाकून त्याच नावाचे दुसरे उघडले, तर संगणकाला तो नवा माणूस वाटतो. नाव तेच, पण क्रमांक वेगळा. म्हणून जुनी खोली त्याला आपोआप मिळत नाही. जुने फोल्डर तसेच राहिले असेल, तर नव्या फोल्डरच्या नावापुढे टिंब देऊन संगणकाचे नाव जोडले जाते.

हे समजले की प्रोफाइलची नक्कल करताना चूक होत नाही. अशी नक्कल करण्याची वेळ केव्हा येते? कधी जुने खाते बिघडते. कधी ज्या खात्यात सर्वांचे सामान एकत्र होते, त्यातून आपले सामान वेगळे करायचे असते. अशा वेळी पुष्कळ लोक जुने फोल्डर जसेच्या तसे उचलतात आणि नव्या फोल्डरवर आणून टाकतात. हे बरोबर नाही. त्या फोल्डरमध्ये 'एनटीयुजर' नावाची एक लपलेली फाइल असते. ती त्या खात्याची सेटिंग्जची वही आहे. ती जुन्या खात्याची असते, आणि खाते बिघडले असेल तर बिघाड बहुधा तिच्यातच असतो. ती नव्या खोलीत आणणे म्हणजे नव्या घरात जुनी वाळवी नेण्यासारखे आहे. म्हणून सामान न्यावे, वही नेऊ नये.

आता पायरीपायरीने काम करा. मोठ्या माणसाला जवळ बसवून घ्या.

पहिली पायरी. नवे खाते उघडा आणि एकदा त्यात शिरा. असे केले नाही, तर सामान ठेवायला खोलीच नसेल. खोली तयार झाली की बाहेर पडा.

दुसरी पायरी. संगणक बंद करून पुन्हा सुरू करा आणि तिसऱ्याच एका प्रशासकाच्या खात्यात शिरा. जुन्या खात्यातही नको आणि नव्या खात्यातही नको. माणूस खात्यात असताना त्याच्या काही फाइली वापरात असतात. वापरात असलेल्या फाइली संगणक धड वाचू देत नाही आणि बदलूही देत नाही.

तिसरी पायरी. 'युजर्स'मधील जुने फोल्डर उघडा. परवानगी नाही असे संगणक सांगेल आणि पुढे जायचे का, असे विचारेल. तुम्ही प्रशासक आहात, तेव्हा पुढे जा. कोणते फोल्डर कोणाचे हे नीट पाहून घ्या. खाते ई-मेलच्या पत्त्यावर उघडलेले असेल, तर फोल्डरला बहुधा त्या पत्त्याची पहिली पाचच अक्षरे असतात.

चौथी पायरी. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, म्युझिक आणि व्हिडिओज या फोल्डरांतील सामान निवडा. त्याची नक्कल नव्या खात्याच्या त्याच नावांच्या फोल्डरांत करा. डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्स रिकामे दिसले, तर 'वनड्राइव्ह' नावाच्या फोल्डरमध्ये पाहा. ती सेवा चालू असेल, तर सामान तेथे असते. 'अ‍ॅपडेटा' हे लपलेले फोल्डर आणि 'एनटीयुजर' या नावाने सुरू होणाऱ्या फाइली मात्र सोडून द्या.

येथे कोणी विचारेल, सामान कापून नेले तर काय बिघडले? दोन गोष्टी बिघडू शकतात. एकाच ड्राइव्हवर कापून नेलेल्या फाइलीबरोबर जुन्या मालकाच्या परवानग्याही येतात, आणि मग नव्या मालकालाच ती उघडता येत नाही. नक्कल केलेली फाइल मात्र नव्या खोलीचे नियम घेते. दुसरे कारण तुमच्या अनुभवातले आहे. मध्येच वीज गेली तर? नक्कल करत असाल, तर मूळ वस्तू जागेवर असते.

पाचवी पायरी. आता नव्या खात्यात शिरा आणि चार-सहा फाइली उघडून पाहा. केवळ नावे पाहून समाधान मानू नका. सर्व ठीक असले, तरी जुने खाते लगेच काढू नका. दोन-तीन आठवडे राहू द्या. खाते माहितीसह काढून टाकले की खोलीही जाते आणि सामानही जाते.

काही वस्तू अशा नकलेने येत नाहीत. इंटरनेट पाहण्याच्या कार्यक्रमात साठवलेले पासवर्ड जुन्या खात्याच्या कुलपात असतात. त्यांची फाइल उचलून आणली, तरी नव्या खात्यात ते कुलूप उघडत नाही. आवडत्या पानांची यादी मात्र त्या कार्यक्रमातूनच फाइल म्हणून बाहेर काढता येते आणि नव्या ठिकाणी पुन्हा घेता येते. जुने खाते चालू असतानाच हे काम करून घ्यावे.

हे सर्व मी इतक्या आग्रहाने का सांगते, त्याला कारण आहे. एकदा शाळेत मी सहामाही परीक्षेची प्रश्नपत्रिका संगणकावर लिहायला बसले. माझ्या खात्यात शिरले, तर पडद्यावर माझे नेहमीचे चित्र नव्हते आणि माझ्या फाइलीही नव्हत्या. कोपऱ्यात एक सूचना आली होती. घाईत मी ती वाचली नाही. दोन तास बसून प्रश्नपत्रिका लिहिली, डेस्कटॉपवर ठेवली आणि खात्यातून बाहेर पडून घरी गेले. दुसऱ्या दिवशी माझे चित्र परत आले होते, जुन्या फाइलीही होत्या. पण प्रश्नपत्रिका नव्हती!

झाले होते असे. संगणकाला त्या दिवशी माझी प्रोफाइल उघडता आली नव्हती. म्हणून त्याने मला तात्पुरती खोली दिली होती. या खोलीतून माणूस बाहेर पडला की संगणक ती झाडून टाकतो. नेमके हेच त्या सूचनेत लिहिले होते. प्रश्नपत्रिका मी रात्री बसून पुन्हा लिहिली. तेव्हापासून मी दोन नियम पाळते. पडद्यावर आपली खोली ओळखीची वाटली नाही, तर काम सुरू करायचे नाही. अगोदर सूचना वाचायची आणि संगणक पुन्हा सुरू करून पाहायचा. दुसरा नियम असा की, महत्त्वाच्या कामाची एक नक्कल संगणकाबाहेर, पेन ड्राइव्हवर ठेवायची. खोली कितीही चांगली असली, तरी घराला आग लागली तर खोलीही जाते. संगणकाची डिस्क बिघडली, तर सर्वांच्याच प्रोफाइली एकदम जातात.

मित्रांनो, आता पुन्हा त्या घरात जाऊ. समजा, आज तेथे पाच खाती आहेत. आपाचा प्रकल्प आपाच्या खोलीत आहे. धाकटा भाऊ आपल्या खोलीत खेळतो. तो रागावला किंवा चुकला, तरी आपाच्या फाइलीपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. भांडण मिटले ते रागावण्याने नव्हे, जागा नेमून दिल्याने मिटले.

उर्दूत 'अमानत' हा शब्द आहे. मराठीत तोच 'अनामत' झाला. दुसऱ्याने विश्वासाने आपल्याजवळ ठेवलेली वस्तू म्हणजे अनामत. एकत्र वापरायच्या संगणकावर बसताना आपल्या आजूबाजूला इतरांची अनामत असते. शाळेतील संगणकावर कोणी आपले खाते उघडे ठेवून गेले असेल, तर त्यात डोकावू नका. त्याला हाक मारा किंवा खाते बंद करायला शिक्षकांना सांगा. आपले काम संपले की आपणही आठवणीने बाहेर पडा.

आज घरी किंवा शाळेत मोठ्यांच्या परवानगीने 'युजर्स' हे फोल्डर उघडून पाहा. त्यात किती खोल्या आहेत ते मोजा. त्यांपैकी तुमची कोणती? तुमची खोली सापडली नाही, तर पहिले काम कोणते करायचे, हे आता तुम्हाला सांगायला नको.